शेवटचे दोन फर्लांग

प्रभू पृथ्वीवर परत येणार यावर आमच्या घरमालकांइतका विश्वास सबंध कोल्हापुरात कुणाचाच नव्हता, आणि ते येणं निदान वर्षभर तरी पुढे ढकललं जावं म्हणून त्यांच्याइतकी कळकळीची प्रार्थनाही दुसऱ्या कुणी केली नसेल. कारण साधं होतं. रस्ता तयार नव्हता. ते संस्थानच्या रस्ते खात्यात मुकादम होते. संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं त्याच साली तेही निवृत्त झाले, पण ते फक्त कागदोपत्री. त्यांच्या मते राज्यं येतात, राज्यं जातात, खड्डे मात्र जागच्या जागी राहतात, आणि जिथे खड्डा आहे तिथे मुकादमाला घरी बसता येत नाही. गल्ली त्यांना मुकादम म्हणायची. मी त्यांना मामा आणि त्यांच्या बायकोला मामी म्हणत असे. तसं नातं काहीच नव्हतं. माझे वडील मलकापूरकडच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेचे शिपाई होते, आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि शहरात परक्या माणसांना काय म्हणून हाक मारायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून मी सगळ्यांनाच मामा म्हणायचो. एकदा प्राध्यापकांनाही म्हणालो होतो.

त्यांच्या घरात मला खोली मिळाली तीही एका परीक्षेनंतर. कोल्हापूरच्या चर्चच्या पाळकसाहेबांची चिठ्ठी घेऊन मी दारात उभा राहिलो, तर त्यांनी चिठ्ठी न वाचता खिशात घातली आणि म्हणाले, "त्या चिंचेपर्यंत चालत जा आणि परत ये." मी गेलो आणि आलो. त्यांनी खाली बसून माझ्या पावलांचे ठसे पाहिले. मग घराकडे तोंड करून ओरडले, "पोरगं बरं हाय, पर टाच घासतंय!" आतून बाईचा आवाज आला, "मग काय त्याला परत मलकापूरला धाडताय? टाच न्हाय राहायला आली, अख्खं माणूस आलंय." अशा रीतीने मला खोली मिळाली. अट एकच होती की नोव्हेंबर संपला की गल्लीत चपला हातात घेऊन चालायचं. कोल्हापुरी चपलेखाली ताज्या मुरमाची खपली निघते, असं त्यांचं म्हणणं होतं. पहिल्या वर्षी मला याची फार लाज वाटायची. वर्गातला एखादा मुलगा समोरून आला, की चपला पुस्तकांखाली लपवून मी अनवाणी उभा राहत असे, आणि तो मला अतिशय धार्मिक समजून पुढे जात असे.

त्यांना स्वस्थ बसलेलं मी चार वर्षांत पाहिलं नाही. जेवतानाही ते एक गुडघा वर करून, पळायच्या तयारीत असल्यासारखे बसत. बाहेर गाडीचं चाक खडखडलं की घास हातात घेऊन दारात जात आणि चाक कुठे आदळलं ते पाहून येत. रस्त्यावरून सरळ रेषेत चालणं त्यांना जमत नसे. ते डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असे चालत, कारण मधे जे काही दिसे त्याला पाय लावून पाहावंच लागे. त्यांच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे दुप्पट अंतर चालायचं. एकदा एका अंत्ययात्रेत सगळे मान खाली घालून चालले असताना तेही मान खाली घालूनच चालले होते, आणि मला वाटलं की यांना फार दुःख झालं आहे. तेवढ्यात त्यांनी माझी बाही ओढली आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बघितलंस? पाणी मधनं वाहतंय. कडंनं वाहायला पायजे."

नाताळाच्या आधी चार रविवार जो आगमनाचा काळ आम्ही पाळतो, त्याचं त्यांना जवळजवळ भय वाटे. पहिल्या रविवारी देवळात, आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो, बायबलमधल्या संदेष्ट्याचा तो उतारा वाचला जाई: प्रभूसाठी वाट नीट करा, खोल जागा भरून काढा, उंचवटे खाली आणा. बाकीची मंडळी दरवर्षी ऐकायची आणि घरी जाऊन जेवायची. मुकादम मात्र हुकूम सुटल्यासारखे ताठ उठून उभे राहत. एकदा पाळकसाहेबांनी उपासनेनंतर त्यांना बाजूला घेऊन समजावलं. संदेष्ट्याला माणसाच्या अंतःकरणातले खड्डे म्हणायचे आहेत, गर्वाचे डोंगर म्हणायचे आहेत, ही सगळी आतली तयारी आहे. मुकादमांनी सगळं आदराने ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय की साहेब. मग अंतःकरणाचं तुमी बघा, रस्त्याचं मी बघतो. खातंच येगळं हाय." पाळकसाहेब नंतर मला म्हणाले, की या उत्तराला काय म्हणावं ते बायबलच्या शाळेत शिकवलेलं नव्हतं.

मग चार आठवडे धामधूम चाले. त्यांच्या घरापासून देवळापर्यंतची गल्ली दोन फर्लांगांची होती. पहिल्या आठवड्यात दोरी लावून मापं घ्यायची, दुसऱ्यात उकरायचं, तिसऱ्यात मुरूम पसरायचा, चौथ्यात पाणी मारून धुमसाने ठोकायचं. हे सगळं ते एकटे करत. मदतीला कुणी आलं तर त्याचं काम पुन्हा उकरून स्वतः करत. एकदा काम सुरू झालं की अनवाणी मी सोडून त्या रस्त्यावर पाऊल टाकायची कुणाला मुभा नव्हती. देवळात जाणाऱ्यांनासुद्धा नाही. मंडळी कोपऱ्यावरच्या गूळ व्यापाऱ्याच्या अंगणातून, त्याच्या म्हशीला वळसा घालून, स्तोत्रांची पुस्तकं छातीशी धरून उपासनेला जायची. हा व्यापारी जैन होता, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो, आणि आपल्या अंगणातून दर रविवारी ख्रिस्ती मंडळी जातात याची त्याला मोठी मौज वाटे. तो ओट्यावर बसून सगळ्यांना विचारी, "काय पावणं, आज बी आमच्यातनंच का?" आणि मुकादमांना म्हणे, "मुकादम, एक सांगा. तुमचा देव येणार कंच्या बाजूनं? सांगलीकडनं का रत्नागिरीकडनं?"

मुकादम धुमस खाली ठेवून गंभीरपणे सांगत, "कुठनं बी येऊ दे अण्णा. बाकीचं ज्याचं त्यानं बघावं. शेवटचे दोन फर्लांग माझ्याकडं हायत."

हिवाळा म्हणजे ऊस तोडणीचे दिवस. गल्लीच्या टोकापलीकडे एक गुऱ्हाळ होतं आणि उसाने लादलेल्या बैलगाड्यांना आमची गल्ली जवळची पडे. लोखंडी धावांची, पट्टे चढवलेली ती चाकं म्हणजे मुकादमांचा सैतान होता. एका सकाळी मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन ओट्यावर बसलो होतो, तेव्हा एक गाडी वळली आणि मुकादम हात पसरून तिच्यापुढे उभे राहिले.

"ओ पावणं, कुठं निघालायसा?"

"गुऱ्हाळावर. का वं?"

"हितनं न्हाय जायाचं. रस्ता बंद हाय."

"कुणी केलाय बंद? सरकारनं?"

"सरकारच्या वरनं हुकूम हाय."

गाडीवाल्याने कासरा ओढला. "कलेक्टर यायचाय व्हय?"

"त्याच्यापरास मोठा."

"मग मंत्रीच की!"

"त्याच्या बी वर."

गाडीवान थोडा वेळ विचारात पडला. मंत्र्याच्या वर कोण असतं याचा त्याला अंदाज येईना, पण भानगड नको म्हणून त्याने बैल वळवले. जाता जाता त्याने विचारलं, "आन् यायची तारीख काय हाय म्हणायची?"

"तीच तर कुणाला ठावं न्हाय," मुकादम कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "म्हणून तर घाई हाय!"

हे सगळं पाहून लोक हसायचे. मीही हसायचो, पण जरा कमी. एक तर मला त्यांची धडपड समजत होती. परीक्षेची तयारी म्हणून मीही रंगीत शाईने वेळापत्रकं आखायचो, ती भिंतीवर चिकटवायचो, चुकली म्हणून पुन्हा आखायचो, आणि परीक्षा पुढे जावी म्हणून गुडघे टेकायचो. आणि दुसरं, त्या घरात राहत असल्यामुळे मला एक गोष्ट माहीत होती, जी गल्लीला माहीत असूनही आठवत नसे. त्या रस्त्याने मुकादमांना प्रभूला तर आणायचं होतंच, पण त्याआधी मामींना न्यायचं होतं.

मी येण्याच्या तीन वर्षं आधी मामी विहिरीजवळच्या ओल्या फरशीवरून पडल्या होत्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. मिरजेला नेऊन आणलं. हाड जुळलं, पण वाकडं. चालणं कायमचं संपलं. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं होतं की हिला धक्का बसू देऊ नका. त्या वर्षीच्या नाताळला चार जणांनी त्यांना खुर्चीत बसवून देवळाकडे उचलून नेलं. चिंचेखाली एकाचा पाय चाकोरीत गेला, खुर्ची कलली आणि मामी अशा किंचाळल्या म्हणे, की देवळातलं गाणं थांबलं. अर्ध्या वाटेवरून त्यांना परत आणलं. तीन आठवडे त्या तळमळत होत्या, आणि त्या वेदनेत एवढंच म्हणाल्या होत्या, "आता मला कुठं न्यायाचं न्हाय." त्यानंतर मामींनी उंबरा ओलांडला नव्हता. त्या खिडकीपाशी खाटेवर बसून लोकर विणत, शेंगा सोलत, आणि चाकाच्या नुसत्या आवाजावरून गाडी कुणाची ते सांगत. मुकादम हा विषय काढत नसत. एकदाच, रस्त्यावर पाणी मारताना, ते आपण होऊन मला म्हणाले, "वीस वर्षं घाट सांभाळलाय मी. दरबारची गाडी गेली तर आतल्याच्या फेट्याचा तुरा हलत नव्हता. आन् माझी बायको माझ्याच गल्लीत..." आणि ते वाक्य तिथेच सोडून चिंचेखाली गेले.

माणसांच्या पायांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. म्हणून त्यांनी एक गाडा बनवला होता. दवाखान्यातून मोडीत निघालेल्या खुर्चीचा सांगाडा, आणि कुणा मडमेच्या बाबागाडीची चार रबरी चाकं. आणि गाड्यासाठी रस्ता पास झाला की नाही हे ठरवायची त्यांची एक रीत होती. नाताळाच्या आदल्या दिवशी सकाळी गाड्याच्या बैठकीवर घडी घातलेला पंचा ठेवायचा, पंच्यावर पितळेचा तांब्या, आणि तांब्यात काठोकाठ पाणी. गाडा घरापासून देवळाच्या पायरीपर्यंत न्यायचा. एक थेंब सांडला नाही, तर दुसऱ्या दिवशी मामींनी उपासनेला जायचं. सांडला, तर पुढच्या वर्षी. पहिल्या वर्षी अण्णाच्या कोपऱ्यावर सांडला, दुसऱ्या वर्षी त्याच्या जरा पुढे. मी आलो त्या वर्षी गाडा देवळाच्या फाटकापर्यंत कोरडा गेला आणि तिथे एक शेळी आडवी आली. त्या शेळीला ते पुढे वर्षभर नावाने ओळखत. ओढणारा म्हणून ते स्वतः पुढे असत, त्यामुळे तांब्याकडे पाहायला कुणीतरी हवं असे. ते काम माझ्याकडे आलं, का तर, "तू शिकलेला हाईस. खोटं बोलणार न्हाईस." शिकलेल्या माणसाबद्दल त्यांचा असा समज होता आणि तो मोडायचं मला धैर्य नव्हतं.

माझ्या बी. ए.च्या वर्षी मुकादम फारच अस्वस्थ होते. मार्चमध्ये परीक्षा, मग मी निघून जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. शिवाय त्यांना आता दम लागायचा. धुमस उचलताना ते मधेच थांबत आणि कुणी पाहत नाही ना म्हणून इकडेतिकडे बघत. त्या वर्षीसारखा रस्ता मी कुठेही पाहिलेला नाही. मधे कासवाच्या पाठीसारखा किंचित उंच, दोन्ही कडांना उतरता, आणि लाल, एकसारखा, ओल्या मातीचा वास येणारा. पोरं त्याच्याकडे लांबूनच पाहायची. आदल्या दिवशी सकाळी आम्ही गाडा बाहेर काढला. मुकादमांनी डोकीवरची टोपी काढून थोडा वेळ डोळे मिटले, मग दांडी हातात घेतली. मी तांब्यावर डोळे लावून गाड्याच्या बाजूने अनवाणी चालत होतो. अण्णाचा कोपरा गेला. त्याच्या ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली होती. चिंच आली. चाक कशावर चढलं हे मला आजही सांगता येणार नाही. मला काही दिसलं नाही. पाणी काठावर थरथरलं, फुगलं आणि पंच्यावर तीन थेंब पडले. तीनच. पंचा जाड होता, ते बघता बघता जिरले.

"कोरडं गेलं का रं न्हाय?" मुकादमांनी मागे न बघता विचारलं.

मला "कोरडं गेलं" म्हणायचं होतं. तीन थेंबांनी कुणाचं हाड मोडत नाही, असं मला वाटत होतं. पण मला हाडांतलं काय कळतं, असंही वाटत होतं. उद्या खरंच त्यांना काही झालं तर? मी एवढा वेळ गप्प राहिलो की त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांना पंचा पाहायची गरज पडली नाही. त्यांनी तांब्या उचलला, पाणी चिंचेच्या बुंध्याशी ओतलं आणि गाडा घराकडे फिरवला. वाटेत एवढंच म्हणाले, "बुडालाच मुरूम कच्चा असंल."

दुपारी ते पुन्हा टिकाव घेऊन चिंचेखाली गेले, तेव्हा मामींनी मला हाक मारली.

"किती सांडलं रं?"

"तीन थेंब, मामी."

"आन् गेल्या साली?"

"गेल्या साली निम्मा तांब्या."

"तीन थेंब," मामी म्हणाल्या. त्यांनी विणकाम खाली ठेवलं. "जा, बोलवून आण त्यास्नी. टिकाव तिथंच ठेवा म्हणावं."

मुकादम आले ते हातपाय मातीने भरलेले. मी बाहेर जायला लागलो तर मामी म्हणाल्या, "तू थांब. साक्षीला पायजेस." मग त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "आवो, मी काय म्हणते, मी तांब्या हाय का?"

मुकादम तळहातावरची माती पुसायला लागले.

"न्हाय, मला सांगा. मला हात हायत. मी गाड्याला धरून बसू शकते. तांब्याला धरता येतंय का? तांब्या वरडतोय का 'आवो हळू' म्हणून?"

"आगं पर तूच म्हणालतीस. मला कुठं न्यायाचं न्हाय म्हणून."

"म्हणालते! दुखत हुतं तवा म्हणालते. सहा वर्सं झाली त्याला. परत एकदा इचारायला काय तुमचं तोंड झिजलं असतं?"

मुकादमांनी खाली वाकून टाचेला चिकटलेला मुरूम काढला. म्हणाले, "मला वाटलं, रस्ता झाला की इचारीन."

"रस्ता कवाच होत नसतो," मामी म्हणाल्या. आणि मग जरा हळू, "उद्या मी जाणार. तुमी न्हाय नेलं तर हे पोरगं नेईल."

मी बाहेर गेलो आणि गाड्याची चाकं एकेक फिरवून पाहिली.

नाताळाच्या सकाळी मी उठलो तेव्हा मामी तयार होऊन बसल्या होत्या. निळं लुगडं, वेणीत शेवंती, आणि मांडीवर स्तोत्रांचं पुस्तक. मुकादम घरात नव्हते. ते उजाडल्यापासून रस्त्यावर वाकून बारीक खडे वेचत होते. शेजारच्या दोन बायकांनी मामींना उचलून गाड्यात बसवलं, पाठीमागे उशा लावल्या. मुकादम दारात आले, गाड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझ्यानं ओढवणार न्हाय. मी चाकं बघतो." म्हणून दांडी माझ्या हातात आली. ते स्वतः पुढे निघाले, पण उलटे. पाठ देवळाकडे, तोंड आमच्याकडे, डोळे चाकांवर. "डावीकडं घे. बास. आता सरळ. हळू. हळू रं लेका, वरात न्हाय ही." अशा तऱ्हेने ती आमची वरात निघाली. मुकादम स्वतःच्याच रस्त्यावर उलटे चालताना दोनदा अडखळले. मामी म्हणाल्या, "तुमीच पडशीला. मग तुमास्नी कशात न्यायाचं?"

चिंचेखाली चाक चढलं. मला दांडीत तो धक्का जाणवला आणि मी जागच्या जागी थिजलो. मामींनी डोळे घट्ट मिटले होते आणि गाड्याच्या कडेवर त्यांची बोटं पांढरी पडली होती. मुकादम रस्त्याच्या मधोमध उभे, तोंड उघडं, दोन्ही हात पुढे, जणू रस्ताच उचलून धरणार आहेत.

"दुखलं?" त्यांनी विचारलं.

मामींनी डोळे उघडले. "दुखलं की," त्या म्हणाल्या. "पर तसं ते घरात बी दुखतंय. चला."

त्यानंतर गाडा हलेना, पण ते रस्त्यामुळे नव्हे. अण्णा मागच्या कोपऱ्यावरच्या आपल्या ओट्यावरून धावत आला आणि "वयनी! सहा वर्सांनी की हो!" म्हणत रस्त्यात उभा राहिला. त्याची आई आली. शेजारच्या तालमीतला पोरांचा वस्ताद आला. ज्या सुनांना मामींनी कधी पाहिलं नव्हतं, नुसत्या बांगड्यांच्या आवाजावरून ओळखलं होतं, त्या आल्या. मामी एकेकीचा हात धरून म्हणायच्या, "तू व्हय ती, कळशी आपटत जातीस ती?" पोरं जमली. आणि सगळे त्या रस्त्यावर उभे होते. चपलांसकट. चार आठवडे ज्याच्यावर मांजरालाही फिरकू दिलं नव्हतं, त्या मुरमावर पन्नास-साठ पायांची गर्दी झाली होती. मी भीत भीत मुकादमांकडे पाहिलं. ते खाली, त्या चपलांकडे बघत होते. देवळातून शेवटचं गीत ऐकू यायला लागलं.

"आगं उपासना संपली की!" ते एकदम म्हणाले. "उशीर झाला! सगळा उशीर झाला!"

"कुणाला उशीर झाला?" मामी म्हणाल्या.

आम्ही फाटकात पोचलो तेव्हा मंडळी बाहेर पडत होती, आणि ती सगळीच मामींच्या भोवती गोळा झाली. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण एका म्हातारीने त्यांना कोपराने बाजूला सारलं. मग हळूहळू सगळे जेवायला घरी गेले. मुकादम म्हणाले, "आता काय, परत जायचं?" मामी म्हणाल्या, "जाऊ या की आत. आता गर्दी बी न्हाय." मुकादमांनी माझ्या हातातून दांडी घेतली आणि ते दोघं रिकाम्या देवळात गेले. मी दाराबाहेर थांबलो. आत त्यांनी काय प्रार्थना केली ते मला माहीत नाही. फक्त बाहेर येताना मामी म्हणत होत्या, "रस्ता झाक झालाय हो. नुस्तं ऐकत हुते ना इतकी वर्सं, आवाज तेवढा यायचा. बघितला आज." आणि थोडं पुढे गेल्यावर, "त्या चिंचेखाली मातर जरा उंच राहिलंय."

"व्हय," मुकादम म्हणाले. "तिथंच हाय खोड."

मी परीक्षेत पास झालो, कसाबसा, आणि जूनमध्ये मलकापूरकडच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो. नोव्हेंबर संपत आला तसं मला वर्गात लक्ष लागेना. कशाची तरी तयारी राहिली आहे असं सारखं वाटे, आणि कशाची ते कळत नसे. शेवटी आगमनाच्या पहिल्या रविवारी मी कोल्हापूरला गेलो. उपासनेनंतर मामींचा गाडा ओढत आम्ही घरी आलो. आता त्या दर रविवारी जात असत, आणि रस्ता त्यामुळे चांगलाच तुडवला गेला होता. ओट्यावर ऊन आलं होतं. मुकादमांनी कोनाड्यातली मापाची दोरी काढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि ते उतरायला लागले.

"बसा की जरा," मामी म्हणाल्या.

"आज पहिला रविवार हाय."

"असू दे. बसा."

ते ओट्याच्या कडेला बसले, जेमतेम टेकले. मामींनी पावट्याच्या शेंगांची परडी त्यांच्या मांडीवर ठेवली. "ह्या सोला," म्हणाल्या. मुकादमांनी एक शेंग सोलली. मग दुसरी. त्यांची टाच खाली जमिनीवर सारखी आपटत होती, डोळे रस्त्यावर होते, आणि दाणे परडीत पडायच्याऐवजी इकडेतिकडे उडत होते. मामी मुकाट्याने ते उचलून घेत होत्या. एक उसाची गाडी गल्लीत वळली आणि करकरत समोरून गेली. मुकादम अर्धवट उठले, तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली बसले. थोड्या वेळाने त्यांची टाच थांबली.

माझी मलकापूरची गाडी चारला होती. दोरीचं टोक अजून माझ्या हातात होतं. ते खाली ठेवावं की धरून बसावं, हे ठरवता ठरवता मी तिथेच बसून राहिलो, आणि ऊन ओट्यावरून उतरेपर्यंत कुणीच उठलं नाही.